आडनाव इंग्लिश, माग काढायचा आपण : ‘वॉशिंग्टन’ घेऊन पहिल्यापासून

ऑक्टोबर २०२४ मध्ये गहुंज्याच्या स्टेडियमवर वॉशिंग्टन सुंदरने न्यूझीलंडच्या पहिल्या डावात ५९ रन देऊन ७ विकेट काढल्या, आणि मॅच बघणाऱ्या निम्म्या घरांत तरी तोच प्रश्न निघाला असणार की चेन्नईच्या पोराचं नाव वॉशिंग्टन कसं काय. त्याचं उत्तर सोपं आहे, वडिलांना पडत्या काळात मदत करणारे एक माजी सैनिक होते, त्यांच्या नावावरून ठेवलं. पण मुळात हे नाव आलं कुठून म्हटलं की सगळे अमेरिकेच्या पहिल्या प्रेसिडेंटपाशी जाऊन थांबतात. जॉर्ज वॉशिंग्टन जन्मला १७३२ ला आणि हे आडनाव त्याच्याही साडेपाचशे वर्षं आधी कागदावर सापडतं, म्हणजे खरी गंमत त्याच्या मागेच आहे, आणि बरीचशी त्याच्या पुढेही.

तर कुठल्याही इंग्लिश आडनावाचं मूळ आणि त्याचा प्रवास कसा शोधायचा हे इथे वॉशिंग्टनच्या उदाहरणावरून सांगतोय. घरात परदेशी सून-जावई आलेत, मुलाला प्रोजेक्ट मिळालाय, किंवा नुसतीच खाज आहे, कारण काहीही असो, मोबाईल आणि एक वही एवढ्यावर सुरुवात होते. एकच गोष्ट आधीपासून डोक्यात ठेवा, नाव एका वाटेने जातं आणि रक्त दुसऱ्या, कधी दोन्ही सोबत चालतात कधी नाही. हे विसरलं की सगळं गणित चुकतं, आणि नवीन लोक नव्वद टक्के इथेच घसरतात.

पायरी १ : आडनाव कुठल्या जातीचं ते बघा

जात म्हणजे प्रकार हो. इंग्लिश आडनावं ढोबळमानाने चार प्रकारची. धंद्यावरून, म्हणजे स्मिथ, टेलर, मिलर. बापाच्या नावावरून, जॉन्सन, रिचर्डसन, विल्सन. दिसण्या-वागण्यावरून पडलेली टोपणनावं, ब्राउन, शॉर्ट, आर्मस्ट्राँग. आणि चौथी जागेवरून, त्यात हिल नि वूड सारखी साधीही आली आणि लिंकन, वॉशिंग्टन सारखी गावाच्या नावाचीही.

हे आधी का बघायचं तर प्रकारावरून शोध किती अवघड जाणार ते कळतं. स्मिथ गावोगावी वेगवेगळे तयार झाले, त्यांचं एक मूळ शोधणं म्हणजे महाराष्ट्रातल्या सगळ्या कुलकर्ण्यांचं एक घर शोधणं. गावाचं आडनाव त्यामानाने सोपं, आणि आपल्याला तर ते सांगायलाच नको, कारण पुण्यात राहणाऱ्या सातारकरांना सातारकर म्हणतात, साताऱ्यात सगळेच साताऱ्याचे, तिथे त्या नावाचा उपयोग काय. इंग्लंडातही साध्या माणसाला गावाचं नाव बहुतेक गाव सोडल्यावर चिकटलं. जमीनदारांचं मात्र उलटं, ज्या गावची जमीन हातात आली त्या गावचं नाव लावायचं.

वॉशिंग्टन हे या जमीनदारांच्या पद्धतीचं. इंग्लंडच्या ईशान्येला डरहॅम भागात, आजच्या सन्डरलंड शहराला लागून, वॉशिंग्टन नावाचं गाव आहे. बाराव्या शतकात विल्यम ऑफ हर्टबर्न नावाचा माणूस होता, त्याने हर्टबर्नची जमीन डरहॅमच्या बिशपला देऊन बदल्यात हे गाव घेतलं. बिशपच्या जमिनींचा ११८३ चा सर्व्हे आहे, बोल्डन बुक म्हणतात त्याला, त्यात याची नोंद आहे, वर्षाला ४ पौंड द्यायचे आणि बिशपच्या मोठ्या शिकारीला ४ शिकारी कुत्रे घेऊन हजर व्हायचं. गाव बदललं तसं घराण्याचं नावही बदललं, हर्टबर्नचे वॉशिंग्टन झाले. म्हणजे मुळातच हे आडनाव एका अदलाबदलीतून आलेलं. तो व्यवहार फिसकटला असता तर अमेरिकेची राजधानी आज हर्टबर्न डीसी असती.

आणि इथेच पहिला खड्डा. तिकडे खाली दक्षिणेत ससेक्समध्येही वॉशिंग्टन नावाचं गाव आहे, तेही जुनं, १०८६ च्या डूम्सडे सर्व्हेतलं (राजाने करवलेली जमिनींची मोजदाद). त्यामुळे आडनाव वॉशिंग्टन दिसलं की लगेच डरहॅम लिहून मोकळं व्हायचं नाही, त्या नावाची किती गावं आहेत ते आधी नकाशावर बघायचं. एका नावाची चार-पाच गावं हा प्रकार इंग्लंडात सर्रास आहे, न्यूटन घेतलंत तर मोजत बसाल.

पायरी २ : ढाल-तलवारवाल्यांकडे जाऊ नका

आडनाव सर्च केलं की पहिल्या पानावर हमखास ‘तुमच्या घराण्याचं राजचिन्ह’ विकणारे लोक येतात, कॉफीचे मग, कीचेन, फ्रेम सगळं मिळतं. ते घेऊ नका. इंग्लंडात राजचिन्ह आडनावाला मिळत नाही, एका माणसाला मिळतं आणि मग त्याच्या वंशजांना, आणि हे सगळं बघायला लंडनमध्ये कॉलेज ऑफ आर्म्स १४८४ पासून बसलंय. पांढऱ्यावर दोन लाल पट्टे आणि वर तीन लाल तारे हे वॉशिंग्टन घराण्याचं चिन्ह खरं आहे, वॉशिंग्टन डीसीचा झेंडा त्यावरूनच १९३८ मध्ये केला, पण म्हणून वॉशिंग्टन आडनावाच्या प्रत्येकाचं ते होत नाही.

नावाचा अर्थ बघायचा असेल तर तीन जागी बघा आणि जुन्यात जुनं स्पेलिंग कुठल्या सालचं दिलंय ते तपासा. जी साइट साल न देता थेट ‘याचा अर्थ शूर योद्धा’ म्हणते ती बंद करा.

पायरी ३ : १८८१ चा नकाशा

इंग्लंडच्या १८८१ च्या जनगणनेची इंडेक्स फॅमिलीसर्च या साइटवर फुकट आहे, फक्त अकाउंट काढावं लागतं. आडनाव टाका, कुठल्या काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) किती लोक निघतात ते वहीत मांडा. रेल्वे आली तरी तोवर लोक बऱ्यापैकी आपापल्या भागात होते त्यामुळे कमी प्रचलित आडनावाचा गठ्ठा एखाद्या भागात स्पष्ट दिसतो आणि शोध कुठे सुरू करायचा ते कळतं. अर्धा तास पुरे, यात जास्त अडकू नका.

पायरी ४ : शेवटून सुरुवातीकडे

ही पायरी चुकली की बाकीचं सगळं फुकट. माणूस आधी कोणीतरी प्रसिद्ध पूर्वज धरतो आणि तिथून खाली आपल्यापर्यंत रेघ ओढायला बघतो. असं करायचंच नाही. ज्याच्याबद्दल खात्री आहे अशा शेवटच्या माणसापासून एकेक पिढी मागे जायचं आणि प्रत्येक पिढीला एक कागद पाहिजे म्हणजे पाहिजे.

इंग्लंड-वेल्समध्ये सरकारी जन्म-लग्न-मृत्यू नोंदणी सुरू झाली १ जुलै १८३७ ला. फ्रीबीएमडी नावाची साइट फुकट आहे, शिवाय सरकारच्या जनरल रजिस्टर ऑफिसच्या स्वतःच्या इंडेक्समध्ये जन्मनोंदीला आईचं माहेरचं आडनावही मिळतं, जे सोन्यासारखं आहे कारण एकाच गावात तीन जॉन स्मिथ जन्मले असले तरी आयांवरून वेगळे करता येतात. मूळ सर्टिफिकेटला पैसे पडतात, ते अगदी अडलं तरच मागवा.

जनगणना दर दहा वर्षांनी, नावांसकट नीट सुरू होते १८४१ पासून. पण १८४१ मध्ये पंधराच्या वरच्या माणसांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहिलीत, ३४ चा माणूस ३० दिसतो, त्यामुळे त्यावरून जन्मसाल काढत बसू नका. १८५१ पासून जन्मगाव आणि घरात कोण कोणाचं हे दोन्ही मिळतं, खरी मजा तिथून. अलीकडची म्हणाल तर १९२१ ची उघडली आहे, १९३१ ची १९४२ मध्ये आगीत जळाली आणि १९४१ ला युद्धामुळे झालीच नाही, म्हणजे ती शोधण्यात वेळ घालवू नका.

पायरी ५ : चर्चची रजिस्टरं

१८३७ च्या मागे गेलात की चर्च. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशने (एका चर्चच्या हद्दीतल्या भागाने) बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवायची. सुरुवातीची बरीच रजिस्टरं कागदावरची होती ती गेली, १५९८ नंतर चामड्यावर उतरवून ठेवायला लागले आणि बिशपकडे एक नक्कल जायला लागली, म्हणून मूळ नसेल तर नक्कल शोधायची. आणि १६४० नंतरची वीसेक वर्षं, म्हणजे राजा आणि पार्लमेंट यांच्यातलं यादवी युद्ध आणि त्यानंतरचा काळ, बऱ्याच गावांत नोंदी विस्कळीत आहेत, सापडलं नाही तर तुमचा दोष नाही.

इथे तीन गोष्टींवर लोक अडकतात.

एक स्पेलिंग. लिहिणारा जसं ऐकेल तसं लिहायचा, वेसिंग्टन, वॉसिंग्टन, वॉशिंग्टन सगळं एकच घर. सर्चमध्ये एकच स्पेलिंग टाकून ‘काही सापडत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी हे.

दुसरं तारीख, आणि हे खरंच डोकं फिरवतं. १७५२ पर्यंत इंग्लंडात आणि त्यांच्या वसाहतींत कायद्याने नवीन वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारी हे जुन्याच सालात. जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म त्या वेळच्या हिशोबाने ११ फेब्रुवारी १७३१, आताच्या हिशोबाने २२ फेब्रुवारी १७३२. दोन्ही बरोबर. त्यामुळे १७५२ च्या आधीची जानेवारी ते मार्चमधली तारीख आली की दोन्ही सालं लिहून ठेवा, नाहीतर पोरगं आईबापाच्या लग्नाआधी जन्मलेलं दिसेल आणि उगाच लफडं शोधत बसाल.

तिसरं म्हणजे आईकडचं गाव. जॉर्जच्या पणजोबांचे वडील लॉरेन्स वॉशिंग्टन हे पाद्री, ऑक्सफर्डला शिकलेले, नोकरी एसेक्समधल्या पर्ली गावच्या चर्चमध्ये. कोणीही मुलांचे बाप्तिस्मे पर्लीत शोधेल. पण १६३५ चा एका मुलाचा बाप्तिस्मा निघतो हर्टफर्डशायरमधल्या ट्रिंगला, अजून दोघांचेही तिथेच, कारण त्यांच्या बायकोचे, अ‍ॅम्फिलिसचे, सावत्र वडील तिथे राहायचे. बाळंतपण माहेरी हे आपल्याला पटकन सुचतं, तो आपला फायदा समजा आणि बापाच्या गावात नोंद नसली की आईचं गाव उघडा.

पायरी ६ : १५३८ च्या मागे

इथे खरं सांगायचं तर सामान्य घरांचा माग बहुतेक वेळा संपतो. पुढे उरतात ती मृत्युपत्रं, जमिनीचे कागद, कोर्टाची भांडणं आणि कर. १३७७, १३७९ आणि १३८१ च्या डोईपट्टीच्या याद्यांत साध्या लोकांची नावं येतात पण बाप कोण मुलगा कोण ते कळत नाही, त्यामुळे ‘या भागात तेव्हा हे आडनाव होतं’ एवढंच म्हणता येतं. वॉशिंग्टनची साखळी मागे जाते कारण ते जमीनवाले होते. लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जची डिस्कव्हरी नावाची कॅटलॉग आहे, घरबसल्या फुकट शोधता येते, १८५८ च्या आधीची कँटरबरीच्या धर्मकोर्टातली मृत्युपत्रं त्यात नावाने निघतात. मृत्युपत्र मिळालं तर नाचा, एका कागदात बायको, मुलं, जावई, शेजारी, देणेकरी सगळे असतात.

पायरी ७ : हलले का ते विचारा

नुसती गावांची यादी म्हणजे प्रवास नाही. प्रत्येक हालचालीला पैसा, लग्न किंवा भांडण यातलं काहीतरी एक असतंच, ते सापडलं की पुढचा कागद कुठे शोधायचा तेही कळतं.

वॉशिंग्टनचंच बघा. घराण्याची एक फांदी डरहॅमकडून लँकशायरमध्ये वॉर्टनला गेली, तिथल्या चर्चवर त्यांचं चिन्ह कोरलेलं आहे. त्यातला एक लॉरेन्स (हे लोक लॉरेन्स नाव सोडतच नाहीत, वहीत लॉरेन्स १, २, ३ असे नंबर टाका) लोकरीच्या धंद्यासाठी खाली नॉर्थॅम्प्टनला आला, तिथे मेयर झाला. तेवढ्यात आठव्या हेन्रीने मठ बंद करून त्यांच्या जमिनी विकायला काढल्या आणि याने १५३९ ला सल्ग्रेव्हची जमीन घेतली, घर बांधलं, ते सल्ग्रेव्ह मॅनर आजही बघायला मिळतं. म्हणजे आधी लोकर आणि मग मठाची जमीन.

मग ते पर्लीचे पाद्री लॉरेन्स. यादवीत ते राजाच्या बाजूचे, १६४३ ला पार्लमेंटवाल्यांनी दारूबाज ठरवून त्यांची नोकरी काढून घेतली, आरोप कितपत खरा हा वेगळा विषय. १६५३ ला ते वारले, पोरांना फार काही मागे उरलं नाही. मोठा मुलगा जॉन तंबाखूच्या व्यापारातल्या ‘सी हॉर्स’ नावाच्या जहाजावर मेट (कप्तानाच्या हाताखालचा अधिकारी) म्हणून अमेरिकेत व्हर्जिनियाला गेला आणि परत निघताना १६५७ मध्ये जहाज पोटोमॅक नदीतच रुतून बुडालं. तो तिथेच राहिला, नथॅनियल पोप नावाच्या जमीनदाराच्या मुलीशी, अ‍ॅनशी, लग्न केलं, सासऱ्याने ७०० एकर दिले. या जॉनचा पणतू जॉर्ज. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन घराण्याची सुरुवात म्हणाल तर गेलेली नोकरी आणि बुडालेलं जहाज.

आता नवख्याने यातून काय घ्यायचं तर जॉनचं नाव प्रवाशांच्या यादीत शोधून काय मिळणार, तो जहाजावरचा नोकर होता. आणि तशाही इंग्लंडातून बाहेर जाणाऱ्यांच्या सलग याद्या १८९० पासूनच्या, अमेरिकेत उतरणाऱ्यांच्या १८२० पासूनच्या. सतराव्या शतकातला व्हर्जिनियाचा माणूस जमिनीच्या कागदात शोधायचा, कारण तिथे एक माणूस आणला की ५० एकर असा नियम होता आणि जमीन मागताना आणलेल्यांची नावं द्यायला लागायची. हे कागद लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाच्या साइटवर बघायला मिळतात.

पायरी ८ : नाव गेलं, रक्त नाही

हा भाग बहुतेक गाईडमध्ये दोन ओळींत उरकतात आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच. २००० च्या अमेरिकन जनगणनेत वॉशिंग्टन आडनावाचे सुमारे १ लाख ६३ हजार लोक निघाले आणि त्यातले ९० टक्के कृष्णवर्णीय. जॉर्जला स्वतःचं मूल नव्हतं. १७९९ ला तो मेला तेव्हा माउंट व्हर्नन इस्टेटीवर ३१७ गुलाम होते, पण एवढे वॉशिंग्टन सगळे तिथलेच असंही नाही. काहींनी मालकाचं आडनाव घेतलं, काहींनी मालकाचं मुद्दाम टाळून देशातलं एक मोठं नाव उचललं, काहींकडे आडनाव आधीपासून होतं फक्त मालकाच्या वहीत लिहिलेलं नव्हतं. गुलामीत जन्मलेले आणि पुढे मोठे शिक्षणतज्ज्ञ झालेले बुकर टी. वॉशिंग्टन यांनी स्वतः लिहून ठेवलंय, शाळेत हजेरीला सगळ्यांना दोन-दोन नावं आणि याला एकच, बुकर, मग मास्तरांनी विचारलं तेव्हा याने शांतपणे ‘बुकर वॉशिंग्टन’ सांगून टाकलं. त्यांच्या सावत्र वडिलांचं पहिलं नाव वॉशिंग्टन होतं. झालं आडनाव.

अशा घराचा माग काढायचा असेल तर पद्धत वेगळी. १८७० ची जनगणना ही मुक्त झालेल्या सगळ्यांची नावं असलेली पहिली. त्याच्या आधीच्या १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत मालकाचं नाव असतं आणि खाली नुसतं वय, लिंग, रंग, माणसाचं नावच नाही. म्हणून १८७० ला ते कुटुंब कुठे होतं, शेजारी जमीनदार कोण, ते बघून त्या जमीनदाराची मृत्युपत्रं आणि हिशोबाच्या वह्या उघडायच्या, तिथे पहिली नावं मिळतात. सोबत अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतरच्या फ्रीडमेन्स ब्युरोचे (मुक्त झालेल्यांना मदत करणारं सरकारी खातं) कागद, फॅमिलीसर्चवर फुकट.

आणि हॅरी वॉशिंग्टन. आफ्रिकेत जन्मलेला, माउंट व्हर्ननला गुलाम, १७७६ ला पळून ब्रिटिशांच्या बाजूला गेला. ब्रिटिशांनी १७८३ ला न्यूयॉर्क सोडताना सोबत नेलेल्या सुमारे ३००० कृष्णवर्णीयांची यादी केली, त्यात तो आहे, कोणाचा गुलाम होता त्या नावासकट. तिथून कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाला, मग १७९२ ला सुमारे १२०० जणांबरोबर पंधरा जहाजांतून सिएरा लिओनला, फ्रीटाउन वसवायला. १८०० ला ती वसाहत चालवणाऱ्या ब्रिटिश कंपनीने जमिनीवर सारा लावला म्हणून उठाव झाला, हा त्यात होता, हद्दपार केलं. म्हणजे कराच्या भांडणावरून दोन वॉशिंग्टन ब्रिटिशांशी भिडले, एक प्रेसिडेंट झाला आणि एकाला गावाबाहेर काढलं. डरहॅमच्या एका गावाचं नाव आफ्रिकेत पोचलं ते असं, आणि नेणाऱ्याचा त्या गावाशी रक्ताचा काडीचा संबंध नाही.

पायरी ९ : आपल्याकडचे कागद

तुमचं इंग्लिश आडनाव मुंबई इलाख्यातून गेलेलं असेल, रेल्वे, पलटण, मिशन काहीही, तर ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं आहेत, फाइंडमायपास्ट या साइटवर पैसे भरून दिसतात. फिबिस ही संस्था भारतातल्या ब्रिटिश कुटुंबांवरच काम करते, त्यांचा डेटाबेस फुकट शोधता येतो, आधी तिथे बघा. पुणे, देवळाली, महाबळेश्वरची जुनी ख्रिस्ती दफनभूमी जवळ असेल तर जाऊन दगड वाचा, परवानगी विचारून फोटो काढा, सकाळचं तिरपं ऊन असलं की झिजलेली अक्षरं बरी दिसतात. दगडावर खडू किंवा पावडर चोळू नका, दगड खराब होतो.

डीएनए

सगळे हे आधी विचारतात म्हणून मुद्दाम शेवटी ठेवलं. वाय-डीएनए बापाकडून मुलाकडे जातो आणि इंग्लंडात आडनावही तसंच जातं, म्हणून दोन वॉशिंग्टन एकाच पुरुषाचे वंशज आहेत का हे तपासायला तो चांगला. पण दत्तक, सावत्र बाप, नाव बदललेलं, यात तो जुळणार नाही आणि तरी आडनाव खरंच राहतं. कागद करून झाल्यावर, एक ठरावीक प्रश्न असेल तरच पैसे घाला. आणि हयात माणसांची नावं-जन्मतारखा ऑनलाइन झाडात (वंशवृक्षात) टाकू नका, चुलत्याने परवानगी दिली म्हणजे त्याच्या सुनेने दिली असं होत नाही.

वहीत प्रत्येक माणसासमोर चार रकाने करा : कागद कुठला, त्यात आडनावाचं स्पेलिंग काय, गाव कुठलं, तिथून का हलला. चौथा रकाना रिकामा राहिला तर राहू द्या. पहिला रिकामा असेल तर मात्र त्या माणसाला झाडात घेऊ नका, दुसऱ्या कोणाच्या ऑनलाइन झाडात तो कितीही ऐटीत बसलेला असला तरी.